अधिक-उणे आधी लिही

कुपवाड, मे अखेर

चि. बाळास अनेक आशीर्वाद.

काल तू गेल्यावर मी तुझ्या हळद पॉलिशच्या ड्रमला टेप लावली. 900 मिलिमीटरचा ड्रम, एका अंगानं 3 मिलिमीटर जास्त. एवढ्यासाठी तो तिसऱ्यांदा कापायला काढलायस? मिनिटाला तीसेक फेरे घेणार, आत हळकुंडं एकमेकांवर आणि जाळीवर घासणार, साल सुटून खाली पडणार. त्या 3 मिलिमीटरचा पत्ता हळकुंडाला लागणार आहे का?

लागणार नाही, हे तुला माझ्याइतकंच कळतं. म्हणून 'तू हुशार आहेस, जमेल तुला' असलं काही लिहीत बसत नाही. जमतंय, हाच तर घोटाळा आहे. न जमणारा कधीच थांबला असता.

अक्षय्य तृतीया होऊन गेली, नव्या लागणी सुरू झाल्या, आणि गेल्या हंगामाचा माल पॉलिश करायला म्हणून बनवायला घेतलेलं तुझं मशीन अजून माझ्या शेडच्या कोपऱ्यात. तीन शेतकऱ्यांनी तुझी वाट बघितली आणि माल दुसरीकडून फिरवून मार्केट यार्डात नेला. तुझ्या आईचा फोन आला होता, पोरगं रात्री दोनला उठून वेल्डिंगचे फोटो मोठे करून बघतंय म्हणून. मी म्हटलं, "वहिनी, माझ्याकडं पाठवू नका, मी त्याच रोगाचा माणूस आहे." तरी तुला पाठवलं. आता ऐक.

पहिला पत्रा कापायच्या आधी कागदावर काय लिहिलं होतंस? ड्रॉइंग मी बघितलंय. व्यास 900. पुढं काही नाही. किती जास्त चालेल, किती कमी चालेल, ते अधिक-उणे नाही. लेका, नुसत्या आकड्याचा जॉब आजवर कुणी बनवलेला नाही आणि कुणी बनवणारही नाही. 900 म्हणजे 900, असं म्हणणाऱ्याचं काम संपत नाही, कारण कुठं संपतं ते त्यानं कागदावर लिहिलेलंच नसतं. मग ते कोण ठरवतं? रात्री दोनला उठणारा तू. आणि तो तू कधीच पास म्हणत नाहीस.

25 एच7 चा बोअर, म्हणजे 25 मिलिमीटरचं भोक आणि त्याला दिलेली सूट, हे तुला शिकवायला नको. 25.000 ते 25.021 मिलिमीटर. भोक तपासायचा गो गेज आत गेला, त्याहून जाड नो-गो दारातच अडला, की जॉब ट्रेमध्ये आणि पुढचा चकमध्ये. 25.010 वाल्याच्या गळ्यात कुणी हार घालत नाही, 25.020 वाल्याला कुणी रडवत नाही. दोघं एकाच पेटीतून जातात, दोघं सारखीच वर्षं चालतात. ते 21 मायक्रॉन, मिलिमीटरचे हजारावे भाग, ड्रॉइंगवाल्यानं कारागिरावर दया म्हणून दिलेले नसतात. भोक मापाला आणणारा रीमर झिजतो, माणूस दमतो, धातू तापतो, हे धरून त्यानं काम कुठं संपतं ते लिहिलेलं असतं. तुझ्या कागदावर तेच नाही.

आता तू म्हणशील, काका, म्हणजे 'चालतंय की'? खबरदार. ह्या 'चालतंय की'नं आपल्या भागातल्या किती शेडना कुलूप लागलं ते मी बघितलंय. 'चालतंय की' म्हणणाऱ्याला किती चालतंय ते विचार, त्याला आकडा सांगता येत नाही. मला आकडा पाहिजे. अधिक किती, उणे किती. त्याच्या आत आलं की तोंड बंद, बाहेर गेलं की भंगारात, मग ते तू रात्रभर जागून केलेलं असो.

आणि तो आकडा आधी लिहायचा. जॉब हातात घेऊन मग लिहिलेला आकडा खोटा असतो. आळशी माणूस तो वाढवतो, तुझ्यामाझ्यासारखा कमी करतो.

हे मला कुठून कळलं ते सांगतो. मी नोकरी सोडून ही शेड टाकली तेव्हाची गोष्ट. मुंबईच्या एका पार्टीची पहिली मोठी ऑर्डर, गनमेटल धातूचे 200 बुश, म्हणजे शाफ्टभोवती बसणाऱ्या पोकळ नळ्या, बोअर हाच, 25 एच7. पार्टीनं मला 21 मायक्रॉन दिले होते. मी माझ्या मनानं ठरवलं, आपला माल 5 ते 15 च्या मध्येच पाहिजे. कुणी सांगितलं होतं? कुणीही नाही. साठ-पासष्ट बुश माझ्या पट्टीच्या बाहेर आणि पार्टीच्या पट्टीच्या आत निघाले. मी ते बाजूला टाकले आणि नवे करायला घेतले. एप्रिल होता. दुपारी पत्र्याखाली चाळिशीच्या वर पारा. मापाचं जग 20 अंशांवर चालतं, हे मी परीक्षेत लिहून आलो होतो. 25 मिलिमीटरचा गनमेटलचा बुश 20 वरून 40 अंशांवर गेला की आठ-नऊ मायक्रॉन फुगतो. (पोलादी गेजही फुगतो, पण कमी.) म्हणजे ज्या दहा मायक्रॉनसाठी मी कामगारांवर ओरडत होतो, त्यातला चांगला हिस्सा उन्हाचा आणि माझ्या हाताच्या गरमीचा होता. मी बुश मोजत नव्हतो रे, सांगलीचा उन्हाळा मोजत होतो.

माल पाच आठवडे उशिरा गेला. पार्टीचा माणूस सभ्य होता. म्हणाला, माल फार सुंदर आहे, पण आमची लाइन बंद पडली होती. पुन्हा त्यांची ऑर्डर आली नाही. बाजूला टाकलेल्यातले दोन बुश अजून माझ्या ड्रॉवरमध्ये आहेत. परवा काढून बघितले. खरं सांगू, सुंदरच आहेत.

इथं मला थोडं माझ्या बाजूनंही बोलू दे. माझी खोड नुसतीच वाईट होती असं समजू नकोस. ह्याच डोळ्यांनी मी एकदा प्रेसच्या शाफ्टवरची केसाएवढी चीर पकडली होती. बाकी सगळे 'राहू द्या' म्हणत होते आणि दुसऱ्या दिवशी त्या प्रेसवर एक पोरगा उभा राहणार होता. तो डोळा मी विकणार नाही, तूही विकू नकोस. पण तो डोळा कुठं लावायचा आणि कुठं मिटायचा, हे सकाळी ठरवून यावं लागतं. मी मिटायला शिकलो नाही. कामावर नाही शिकलो आणि घरीही नाही.

घरचं एक सांगतो, आणि हे तुझ्याजवळच ठेव. माझा मुलगा सातवीत असताना त्यानं पुठ्ठ्याचा सांगलीचा आयर्विन पूल केला होता. खांब, कमानी, कठडे, खाली निळ्या कागदाची कृष्णा. मी कामावरून आलो तेव्हा दारातच दाखवायला उभा होता. माझ्या खिशात व्हर्निअर होता. मी कमानी मोजल्या. एक कमान दुसरीपेक्षा दोन मिलिमीटरनं बुटकी निघाली आणि मी ते त्याला सांगितलं. पुठ्ठ्याचा पूल आणि 0.02 मिलिमीटरपर्यंत मोजणारा व्हर्निअर! तो काही बोलला नाही, पूल उचलून आत गेला. आता पुण्यात आहे, चांगलं चाललंय त्याचं. फोन रोज करतो. काय काम करतोस विचारलं की म्हणतो, "चाललंय, बाबा." दाखवत मात्र काहीच नाही.

असो. तुझ्या ड्रमचं बोलू.

सगळ्या मापांना एकच कडक पट्टी लावायची, ही आपल्या जातीच्या माणसाची चूक. टर्निंगवर भागणारं काम ग्राइंडिंगला न्यायचं, ग्राइंडिंगवर भागणारं लॅपिंगला, आणि मग वेळ कुठं गेला म्हणून कपाळाला हात. तुझ्या मशीनमध्ये डोळे वटारायच्या जागा तीनच आहेत. शाफ्टवर बेअरिंग बसतं ती जागा, तिथं मायक्रोमीटर शंभर वेळा लाव, मी चहा पाजतो. दुसरी, ड्रमच्या झाकणाची कडी, फिरताना ती उघडता कामा नये. तिसरी, पट्ट्यावरचं गार्ड. शेतात बायका पदर खोचून काम करतात, पोरं आजूबाजूला पळतात. तिथं उणे शून्य. बाकी सगळीकडं अधिक-उणे 5 मिलिमीटर लिही. हो, 5. लिहिताना हात थरथरेल, तरी लिही.

तुझे वडील ड्रम कधी थांबवतात ते बघितलंयस ना? हळकुंडात तोंड दिसेपर्यंत फिरवत नाहीत. रंग आला की थांबवतात. पुढं फिरवलं तर पिवळी भुकटी खाली पडत राहते आणि यार्डात तेवढं वजन कमी भरतं. अडाणी म्हणून नाही थांबवत ते, त्यांचं अधिक-उणे त्यांना तोंडपाठ आहे. तुझ्या घरातच शाळा आहे आणि तू माझ्याकडं येतोस.

लक्ष्मणराव किर्लोस्करांचा नांगर आठव. लोखंडी फाळानं जमिनीला विष चढतं, असं शेतकरी म्हणायचे. कुंडल रोडच्या त्या निवडुंगाच्या माळावर 1910 साली त्यांनी कारखाना आणला. तो नांगर आणखी घासून चकचकीत केला असता तर हा संशय गेला असता का? तो शेतात चालून, लोकांनी डोळ्यांनी बघून गेला. तुझ्या ड्रमचे खरे दोष तुला अजून माहीतच नाहीत. ते माझ्या शेडमध्ये नाहीत, एखाद्या खळ्यावर ओल राहिलेल्या हळदीत आहेत. आणि तू इथं 3 मिलिमीटरशी झुंजतोयस.

तू काल मला विचारलंस, काका, तुमचं ते पुस्तक कुठवर आलं? मी विषय बदलला. आयटीआयच्या पोरांसाठी मराठीत मोजमापावर वही लिहायला घेतली 2003 साली. पहिलं प्रकरण अकरा वेळा लिहिलंय. दुसरं सुरू केलेलं नाही. पहिलं बरोबर झाल्याशिवाय दुसरं कसं घेणार, असं मी इतकी वर्षं म्हणत आलो. काल तू गेल्यावर वहीच्या पुठ्ठ्यावर लिहिलं: एका प्रकरणाला 20 पानं, अधिक-उणे 4. चुका पानाला दोनपर्यंत पास. लिहिल्यावर तासभर अस्वस्थ वाटलं. 'दोन'चं 'एक' करावं म्हणून पेनही उचललं होतं.

तेव्हा असं कर. शनिवारी सकाळी ये. येताना एक कागद आण, त्यावर सगळी मापं आणि प्रत्येकापुढं अधिक-उणे. कागदावर तू सही कर, मी करतो. मग त्याप्रमाणं तपासू. व्हर्निअर मी घरी ठेवून येईन, टेप पुरेल. पास झालं की टेम्पो सांगून ठेवलाय, ड्रम दुपारी डिग्रजला जाईल. तिथं एकाकडं अजून चार पोती हळद पॉलिशची राहिली आहे आणि त्याला घाई आहे.

वहीचं पहिलं प्रकरण सोबत पाठवतो. वाच. सातव्या पानावर आकृती थोडी तिरकी आलीय, ती मला माहीत आहे, सांगू नकोस.

तुझा,
काका