अल्पवयीन मुलगा दारू पिऊन स्कूटर चालवत होता, स्कूटर आईच्या नावावर आहे

प्रश्न : माझा १७ वर्षांचा मुलगा २२ वर्षांच्या मित्राकडे दारू प्यायला आणि रात्री त्यालाच मागे बसवून माझ्या नावावरची स्कूटर घेऊन निघाला. रस्ता ओलांडणाऱ्या एका गृहस्थांना धडक बसून त्यांचा पाय मोडला. पोलिसांनी मुलाच्या रक्ताचा नमुना घेतला, स्कूटर जप्त केली. मित्राकडे लायसन्स आहे, तोच चालवत होता असं जबाबात सांगा, असं नातेवाईक म्हणतात. तसं करावं का?

उत्तर : ताई, हा विचार आजच्या आज सोडा. चौकातला सीसीटीव्ही, मोबाइलचं लोकेशन, जखमीचा आणि त्याला उचलणाऱ्यांचा जबाब, एवढ्यावरून चालक कोण हे बहुतेक वेळा उघड होतं. दुसऱ्याला वाचवण्यासाठी खोटी माहिती देणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम २३८ खाली वेगळा गुन्हा आहे आणि तो थेट तुमच्यावर लागेल. मे २०२४ मध्ये पुण्यात कल्याणीनगरच्या अपघातानंतर रक्ताचा नमुना बदलल्याच्या आरोपावरून मुलाचे आईवडील आणि डॉक्टर अटकेत गेले होते.

खरं सांगितलं तर मुलासाठी कायदा बराच समजूतदार आहे. पाय मोडणं ही गंभीर दुखापत, म्हणून भारतीय न्याय संहितेचं कलम १२५(ब), जास्तीत जास्त तीन वर्षं कैद. बेदरकार चालवण्याचं त्याच संहितेचं कलम २८१ आणि दारू पिऊन चालवण्याचं मोटार वाहन कायद्याचं कलम १८५, दोन्हींत सहा महिन्यांपर्यंत. बाल न्याय कायद्याच्या व्याख्येत हे किरकोळ गुन्हे ठरतात, प्रौढ म्हणून खटला चालवण्याचा प्रश्न येत नाही. त्याला लॉकअपमध्ये ठेवता येत नाही, २४ तासांत बाल न्याय मंडळापुढे न्यावं लागतं आणि जामीन हाच नियम आहे. पुढे समुपदेशन, समाजसेवा, दंड किंवा परिवीक्षा (देखरेखीखाली सोडणं) असे आदेश होऊ शकतात. एफआयआर न होता फक्त स्टेशन डायरीत नोंद असेल, तरी प्रकरण मिटलं असं समजू नका. जखमीच्या जिवाचं बरंवाईट झालं तर मात्र कलम १०६ लागतं आणि सगळंच गंभीर होतं.

कलम १८५ साठी १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅमपेक्षा जास्त अल्कोहोल लागतं. ताब्यात घेतल्याची आणि नमुना काढल्याची वेळ टिपून ठेवा, अहवालाची प्रत वकिलामार्फत मागा. शरीरातलं अल्कोहोल वेळेबरोबर उतरतं, म्हणून या वेळांना महत्त्व आहे.

खरा धोका तुम्हाला आहे. मोटार वाहन कायद्याच्या कलम १९९-अ नुसार अल्पवयीनाने गुन्हा केला तर पालक आणि वाहनमालक दोषी धरले जातात: तीन वर्षांपर्यंत कैद आणि २५,००० रुपये दंड. तुमची संमती होती असं न्यायालय गृहीतच धरतं, उलट सिद्ध करणं तुमच्याकडे येतं. स्कूटर त्याने तुमच्या नकळत नेली किंवा तुम्ही पुरेशी काळजी घेतली होती, हे दाखवता आलं तर बचाव आहे. किल्ली कुठे असायची, मागितल्यावर नाही म्हटल्याचे मेसेज, घरातल्यांचे जबाब हे सगळं जमवा. आणि आधी जुनी ई-चलानं तपासा. त्यांतल्या एखाद्या फोटोत मुलगाच हॅंडलवर असेल आणि दंड तुम्ही भरला असेल, तर ‘मला माहीत नव्हतं’ हे कोणी मानणार नाही. तो बचाव घेऊच नका. शिवाय स्कूटरची नोंदणी १२ महिने रद्द होते आणि मुलाला २५ वर्षांपर्यंत लायसन्स मिळत नाही.

मुलाला दारू पाजणाऱ्या मित्रावर बाल न्याय कायद्याचं कलम ७७ लागू शकतं, सात वर्षांपर्यंत कैद आणि एक लाखापर्यंत दंड. तो खोटा जबाब द्यायला तयार असेल तर का, याचाही विचार करा.

विमा कंपनीला लगेच लेखी कळवा. लायसन्स नसलेला, दारू प्यायलेला चालक म्हणून कंपनी जबाबदारी नाकारेल. अपघाताची भरपाई ठरवणारं न्यायाधिकरण अनेकदा आधी कंपनीला भरपाई द्यायला लावतं आणि ती रक्कम मालकाकडून वसूल करण्याची मुभा देतं. म्हणजे तुमच्याकडून. जखमी गृहस्थ आज अंथरुणावर आहेत. त्यांच्या उपचाराचा खर्च जमेल तेवढा आत्ताच उचला, पण बँकेतून, पावतीसह. त्या बदल्यात ‘तक्रार नाही’ असं लिहून मागू नका. असा कागद कलम १८५ किंवा १९९-अ मिटवत नाही, आणि दबाव टाकल्याचा आरोप तेवढा वाढतो.