पाऊस नाही तरी धबधबे?

प्रश्न: आपला दुगारवाडीचा धबधबा पावसाळ्यात बघत राहावा असा, आणि पाऊस संपला की नुसती धार. जूनमध्ये आम्ही दोघं लेकीकडे स्वित्झर्लंडला जातोय, ती म्हणते लाउटरब्रुनेनच्या दरीत भर उन्हाळ्यात धबधबे असतात. तिकडे मान्सून नाही मग पाणी कुठून येतं? आणि तळी खरंच अशी हिरवी-निळी असतात की फोटोत रंग वाढवलेला असतो?
– एक वाचक, कॉलेज रोड, नाशिक

उत्तर: काका, पाणी बर्फाचं. ब्रह्मगिरीवर पडलेला पाऊस भराभर खाली उतरतो, थोडा खडकात मुरतो, तो झिरपून संपला की धबधबा गेला. तिकडे हिवाळाभर पडतं ते डोंगरावर बर्फ होऊन थांबतं आणि मे-जूनच्या उन्हात सुटतं, म्हणजे आपल्या गंगापूर धरणाचं काम तिथे बर्फ करतो, त्यामुळे जून अगदी बरोबर निवडलात.

ती दरी मोठ्या हिमनदीने कोरलेली, तिने तळ खोल खरवडला आणि बाजूच्या लहान दऱ्या वरच लटकत राहिल्या, म्हणून ओढ्यांना थेट कड्यावरून उडी मारावी लागते. श्टाउबबाख तब्बल २९७ मीटर पडतो, वाऱ्याने पाण्याचे तुषार होतात, नावाचा अर्थच धुळीचा ओढा.

पण ट्रुमेलबाख चुकवू नका, प्लीज! आयगर, म्योंश आणि युंगफ्राउ या शिखरांवरच्या हिमनद्यांचं पाणी डोंगराच्या पोटातून १० धबधब्यांनी खाली येतं, जोरात असताना सेकंदाला २०,००० लिटरपर्यंत, आवाजाने छातीत धडधडतं. आत लिफ्ट आहे पण पुढे ओल्या पायऱ्या आहेत, काकूंना चांगल्या ग्रिपचे बूट घ्या आणि सकाळपेक्षा दुपारनंतर जा, दिवसभराच्या उन्हाने वितळलेलं पाणी तेव्हा येतं.

रंग खरा आहे. हिमनदी सरकताना खालचा खडक दळते, त्याचं मैद्यासारखं पीठ पाण्यात तरंगत राहतं आणि उन्हातला निळा-हिरवा प्रकाश आपल्याकडे फेकतं, ब्रिएंझचं तळं म्हणूनच तसं दिसतं. पुरात गोदावरी रामकुंडाशी तांबूस होते ती मातीने, इथे दगडाचं पीठ.

एक सांगितल्याशिवाय राहवत नाही, २०२२ आणि २०२३ या दोनच वर्षांत स्वित्झर्लंडच्या हिमनद्यांचा सुमारे १० टक्के बर्फ गेला, आणि आपलं धरण एका चांगल्या पावसात भरतं तसा तो भरून येत नाही.

दरीतल्या नदीचं नाव पांढरी ल्युचिने. तिचं पाणी काचेच्या ग्लासात घेऊन बघा, पीठ डोळ्यांना दिसेल.