भाजीचे देठ आणि तापमानवाढ

प्रश्न : आमच्या सोसायटीत ओल्या कचऱ्याचे खत करण्याचा ठराव मांडला, तेव्हा एका ज्येष्ठ सभासदांनी ‘भाजीच्या देठांचा जागतिक तापमानवाढीशी काय संबंध?’ असे विचारले. त्यांना काय उत्तर द्यावे? (एक वाचक, पुणे)

उत्तर : संबंध थेट आहे. कचराडेपोतील ढिगाऱ्याखाली हवा पोहोचत नसल्यामुळे तेथे देठ, साली आणि उरलेले अन्न कुजताना मिथेन वायू तयार होतो. शंभर वर्षांच्या हिशेबाने त्याची उष्णता धरून ठेवण्याची क्षमता, तेवढ्याच वजनाच्या कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे २८ पट आहे. मुंबईतील देवनारसारख्या डेपोंमध्ये लागणाऱ्या आगीही हाच वायू भडकवतो. हेच पदार्थ सोसायटीच्या आवारात वाळलेल्या पाल्याचे थर देऊन, हवा खेळती ठेवून कुजवले, तर मिथेन फारसा तयार होत नाही. मात्र ढीग आठवड्यातून एक-दोनदा वर-खाली करावा लागतो आणि दुर्गंधी सुटली, तर हवा कमी पडते आहे किंवा ओलावा वाढला आहे, असे समजून त्यात सुका पाला मिसळावा. (उत्साहाने सुरू झालेले प्रकल्प दुर्गंधीच्या तक्रारींनीच बंद पडतात, म्हणून हे काम कोणाचे, हे ठरावातच लिहावे.) ओला-सुका कचरा वेगळा करणे मात्र ठरावावर अवलंबून नाही, घनकचरा व्यवस्थापन नियमांनीच ते २०१६ पासून बंधनकारक केले आहे.