विनफॉर्म्सच्या वेबब्राउझर कंट्रोलमध्ये सीएसएसचे गोल कोपरे आणि फ्लेक्स का दिसत नाहीत?

तुमच्या सीएसएसमध्ये चूक नाही. तो कंट्रोल (ॲपमध्ये वेबपान दाखवणारा भाग) काढा आणि त्याजागी मायक्रोसॉफ्टचा नवा वेबव्ह्यू२ बसवा. जुना वेबब्राउझर कंट्रोल आतून इंटरनेट एक्सप्लोररचं (आयई) इंजिन वापरतो, आणि काही सांगितलं नाही तर मुकाट्याने आयई ७ च्या मोडमध्ये चालतो, मशीनवर आयई ११ असलं तरी. मायक्रोसॉफ्टच्याच डॉक्युमेंटेशनमध्ये हे आहे. गोल कोपरे आयई ९ पासून आले, फ्लेक्स (घटक ओळीत मांडायची पद्धत) नीट चालायला ११ लागतं.

वेबव्ह्यू२ एजच्या क्रोमियमवर चालतो, नुगेट या .नेटच्या पॅकेज भांडारावरून मिळतो. दोन गोष्टींत लोक हमखास अडकतात:

- कंट्रोल आधी असिंक पद्धतीने (पार्श्वभूमीत) पूर्ण सुरू होऊ द्या, मगच एचटीएमएल द्या. नाहीतर एक्सेप्शन येतं.
- एचटीएमएल थेट स्ट्रिंग म्हणून दिलं तर मर्यादा २ एमबी. लोगो बेस६४ करून (चित्राचा मजकूर बनवून) आत कोंबला की ती पटकन भरते. शिवाय अशा पानाला स्वतःचा पत्ता नसतो, त्यामुळे शेजारच्या फोल्डरमधली चित्रं सापडत नाहीत. फोल्डरला व्हर्च्युअल होस्टचं नाव (एक काल्पनिक वेबपत्ता) जोडून द्या आणि पान तिथूनच उघडा.

मात्र वेबव्ह्यू२ ला रनटाइम (तो चालवणारं वेगळं सॉफ्टवेअर) लागतो. विंडोज ११ मध्ये तो असतोच, जुन्या मशीनसाठी इन्स्टॉलरमध्ये सोय करा. ते शक्य नसेल आणि मजकूर साधाच असेल, तर पानाच्या हेडमध्ये एक्स-यूए-कंपॅटिबल मेटा टॅगला 'आयई=एज' द्या. कोपरे गोल होतील, पण सीएसएस व्हेरिएबल्स तिथे चालणार नाहीत.