पाण्याचा अनुशेष की पाण्याचा तुटवडा?

घोडबंदर रोडला वाघबीळकडे राहणाऱ्या एका वाचकांचा प्रश्न आहे. सोसायटीच्या पत्रात त्यांनी लिहिलं होतं, ‘आमच्या भागातील पाण्याचा अनुशेष त्वरित भरून काढावा.’ सोसायटीचे सचिव मूळचे अमरावतीचे. त्यांनी पत्र वाचून ‘अनुशेष’वर काट मारली आणि म्हणाले, ‘अहो, अनुशेष आमचा विदर्भाचा. तुम्हा ठाणेकरांना कसला आलाय अनुशेष? तुटवडा लिहा.’ तर हा शब्द खरंच विदर्भाचा आहे का, आणि पाण्याला तो लावता येतो का?

सचिवांनी केलेली दुरुस्ती बरोबर आहे, कारण मात्र चुकीचं आहे.

आधी शब्दाचं कूळ पाहू. ‘अनु’ म्हणजे मागाहून आणि ‘शेष’ म्हणजे उरलेलं. धातू शिष्, उरणे. अवशेष, परिशिष्ट, निःशेष ही सगळी याच घरातली मंडळी. इतकंच काय, ताटातलं ‘उष्टं’सुद्धा इथलंच, उच्छिष्ट झिजून झिजून उष्टं झालं. शिष्टाचारातला ‘शिष्ट’ मात्र शास् धातूचा, त्याला या पंगतीत बसवू नये.

गंमत अशी की सरकारी अनुशेषात काहीच ‘उरलेलं’ नसतं. जे व्हायला हवं होतं आणि झालं नाही, त्याला अनुशेष म्हणतात. हे आपल्याला खटकत नाही, कारण मराठीतलं ‘राहणे’ दोन्हीकडे चालतं. ‘भात राहिलाय’ म्हणजे पातेल्यात शिल्लक आहे, आणि ‘भात राहिलाय लावायचा’ म्हणजे अजून कुकरच चढलेला नाही. अनुशेष हा या दुसऱ्या प्रकारचा राहिलेला भात.

आता विदर्भाचं. शब्द घरोघरी पोचला तो १९८०च्या दशकात. राज्याने १९८३ साली अर्थतज्ज्ञ वि. म. दांडेकर यांच्या अध्यक्षतेखाली प्रादेशिक असमतोलाची सत्यशोधन समिती नेमली. १९८४च्या अहवालात समितीने काय केलं, हे समजलं की शब्दाचा अर्थही समजतो. रस्ते, सिंचन, गावांचं विद्युतीकरण, सामान्य शिक्षण, तंत्रशिक्षण, आरोग्यसेवा, शहरी पाणीपुरवठा, भूविकास आणि पशुवैद्यकीय सेवा अशी नऊ क्षेत्रं घेतली. प्रत्येकात राज्याची सरासरी काढली आणि जिल्हे तिच्या शेजारी उभे केले. सरासरीच्या खाली जितकं अंतर, तितका त्या जिल्ह्याचा अनुशेष. सरासरीच्या वर असलेल्याचा अनुशेष शून्य; त्याच्याकडचं काढून दुसऱ्याला द्यायचं नव्हतं.

समजा, शंभर चौरस किलोमीटरमागे राज्यात सरासरी ४० किलोमीटर रस्ता आहे आणि एखाद्या जिल्ह्यात ३०. मग दर शंभर चौरस किलोमीटरला १० किलोमीटर रस्ता कमी. जिल्ह्याच्या क्षेत्रफळाचा हिशेब लावला की किलोमीटरमध्ये आकडा मिळतो, तो भौतिक अनुशेष. त्याला बांधकामाच्या खर्चाने गुणलं की कोटींमध्ये मिळतो, तो आर्थिक अनुशेष. पुढची सगळी भांडणं या दोहोंच्या फटीतली. ठरलेले पैसे खर्च होतात, कागदावर आर्थिक अनुशेष संपतो. तोवर सिमेंट, लोखंड, मजुरी महागलेली असते आणि कालवा अर्ध्यावर थांबलेला. सिंचनाबाबत हा वाद वर्षानुवर्षं चालला.

समितीने काढलेला एकूण आर्थिक अनुशेष ३,१८६.७८ कोटी रुपये होता. त्यात सर्वांत मोठा, सुमारे ३९ टक्के वाटा विदर्भाचा आणि साडेतेवीस टक्के मराठवाड्याचा. पण ३७ टक्क्यांच्या वर वाटा उर्वरित महाराष्ट्राचा होता, आणि ठाण्यासह कोकण या ‘उर्वरित’मध्ये येतं. तेव्हा सचिवांना सांगा, शब्दावर सातबारा एकट्या विदर्भाचा नाही. (उर्वरित म्हणजेही उरलेलंच! उरलेल्या महाराष्ट्राचं राहून गेलेलं, असा हा उरण्याचा दुहेरी मामला. राज्यघटनेच्या कलम ३७१(२) खाली १९९४ साली विकास मंडळं झाली तीही तीनच: विदर्भ, मराठवाडा आणि उर्वरित महाराष्ट्र. आपल्याला स्वतःचं नाव मिळालंच नाही, आपण आपले बाकीचे.) विदर्भात हा शब्द सभेपासून चहाच्या टपरीपर्यंत रुळला आणि आपल्याकडे फाइलींत राहिला, हे मात्र खरं.

मग पाण्याला का लावू नये? अनुशेष साठतो, तुटवडा साठत नाही. काल तुमच्या टाकीत पाणी कमी आलं, तर ते कालचं पाणी आज कोणी आणून देणार नाही. तुम्ही टँकर मागवलात, दिवस निभावला, ती तूट तिथेच संपली. उद्याची तूट उद्याची. पण दहा वर्षांपूर्वी उभा राहायला हवा होता तो जलकुंभ झाला नाही, तर तो आजही राहिलेलाच आहे, आणि त्यानंतर वाढलेल्या इमारतींसाठी लागणारा दुसराही त्यात मिळालाय. तो अनुशेष. म्हणून पाण्याचा तुटवडा, पण जलकुंभांचा, जलवाहिन्यांचा, पंपांचा अनुशेष. दांडेकर समितीच्या यादीकडेही याच नजरेनं पाहा: रस्ता, वीज, शाळा, दवाखाना, सगळं उभारण्याचं.

नोकरभरतीतल्या वापरातही हेच दिसतं. बिंदुनामावलीप्रमाणे, म्हणजे आरक्षित पदांच्या क्रमवार यादीप्रमाणे, एखाद्या प्रवर्गाची पदं भरायची राहिली की ती पुढच्या भरतीत ओढली जातात, आणि त्यांना अनुशेषाची पदं म्हणतात. कोर्टातले खटले किंवा टेबलावरच्या फायलींना मात्र आपण ‘प्रलंबित’ म्हणतो. तिथे अनुशेष कानाला बरा लागत नाही. आणि मुंबई विद्यापीठात विषय राहिला तर केटी लागते. अनुशेष लागल्याचं कोणा पोरानं घरी सांगितलं, तर आईबाप आधी शब्दकोश उघडतील.

या शब्दाला दुसरंही एक वजन आहे. थकबाकीला जसा देणेकरी असतो तसा अनुशेषालाही असतो. तुटवडा म्हटलं की बोट पावसाकडे जातं, अनुशेष म्हटलं की मंत्रालयाकडे. तरी आपण अनुशेष ‘फेडत’ नाही, ‘भरून काढतो’. देण्याचा शब्द आणि क्रियापद खड्ड्याचं! ठाण्यात राहून यावर आणखी काय बोलायचं.

अट एकच: मोजपट्टी दाखवायला हवी. सरासरी किंवा मानक नसेल तर तो नुसता ‘अभाव’ किंवा ‘गैरसोय’. तुमच्या पत्राला मानक तयार आहे. मलनिस्सारण व्यवस्था असलेल्या शहरांसाठी दरडोई दररोज १३५ लिटर धरतात. सोसायटीच्या मीटरवरचं महिन्याचं पाणी भागिले राहणारी माणसं भागिले ३०, एवढं गणित करून आकडा पत्रात घाला. तो १३५पेक्षा जितका कमी, त्याला ‘तूट’ म्हणा; ‘मागणी व पुरवठ्यातील तफावत’ असंही कार्यालयांत लिहितात, पण त्यात तहान कुठे दिसत नाही.

मी वाक्य असं करीन: ‘आमच्या भागात पाण्याचा कायम तुटवडा आहे. लोकसंख्या वाढली त्या प्रमाणात जलकुंभ व जलवाहिन्या झाल्या नाहीत. हा अनुशेष भरून काढण्यासाठी चालू वर्षाच्या अंदाजपत्रकात तरतूद करावी.’ यात सचिवांचा तुटवडा राहिला आणि तुमचा अनुशेषही. ‘त्वरित’ काढलंय. तुटवड्यावर टँकर त्वरित येईल, जलकुंभ त्वरित होत नाही.

आणि तुम्ही पाठवलेल्या मसुद्यात शब्द दोनदा ‘अनुशेश’ असा टाइप झालाय. शेवटचा ‘ष’ पोटफोड्या हवा. पुन्हा अडखळलात तर उष्टं आठवा, त्यातही तोच आहे.