माऊथवॉश चुकून गिळलात? आधी बाटली हातात घ्या

चूळ भरताना घोटभर पोटात गेलं, एवढंच ना? मग घाबरू नका. थोडं मळमळेल, पोटात जळजळेल. पाणी प्या, बास. मीही सुरुवातीला मान फार मागे टाकून गुळण्या करायचो आणि दोनदा गिळलं. आता मान सरळ ठेवतो, तोंडात फक्त 20 मिलि घेतो.

खरी काळजी जास्त प्यायल्यावर. काही माऊथवॉशमध्ये 20 टक्क्यांहून जास्त अल्कोहोल असतं, बिअरच्या चौपट! मोठ्या माणसाला गुंगी येईल, पण लहान मुलाची रक्तातली साखर झपकन उतरते, झटकेही येऊ शकतात. फ्लोराइडवालं असेल तर उलट्या, पोटदुखी. फारच जास्त गेलं तर रक्तातलं कॅल्शियम घटतं. म्हणून सहा वर्षांखालच्यांना, डॉक्टरांनी सांगितल्याशिवाय, देऊच नका. त्यांना थुंकायचं कळत नाही, आणि रंग तर सरबतासारखा!

मूल बाटली तोंडाला लावून प्यायलं असेल तर घशात बोटं घालून उलटी काढू नका. किती उरलंय ते बघा, बाटली घेऊन थेट डॉक्टरांकडे. लेबलवरचा मजकूर त्यांना लागतो. पेंगतंय म्हणून झोपवून ठेवू नका.