बाळाची आणि व्हिसाची वाट एकाच वेळी पाहताना

ताई, ३२वा आठवडा चालू आहे, परदेशी जायच्या व्हिसाचं काही कळत नाही, आणि रोज प्रार्थना करूनही मन थाऱ्यावर राहत नाही. श्रद्धाच कमी पडते का, असं तुम्ही विचारलंय. मला तसं वाटत नाही. तुमच्या प्रार्थनेला तारीख चिकटली आहे, आणि सगळा जाच त्या तारखेचा आहे.

‘अमुक दिवसाच्या आत व्हिसा येऊ दे’ असं मागितलं की तो दिवस उलटल्यावर देवाने नकार दिल्यासारखं वाटतं. मग नवी तारीख, पुन्हा तोच घाव. मनापासून भक्ती करणारी माणसंही इथेच थकतात. मागणं जरूर मागा, पण एकदाच, स्पष्ट शब्दांत. रोजच्या प्रार्थनेत फक्त आजचा दिवस मागा : आज झोप लागू दे, आज घरच्यांशी न चिडता बोलता येऊ दे. हे मागणं रात्री आठवून पाहता येतं, आणि बऱ्याचदा ते मिळालेलं असतं. धीर वाढतो तो असा, थोडा थोडा.

तसं पाहिलं तर बाळंतपणाची तारीखही अंदाजच. शेवटच्या पाळीच्या पहिल्या दिवसापासून २८० दिवस मोजून ती काढतात. नेमकी ती तारीख गाठणारी बाळं शंभरात चार-पाचच. बहुतेक ३७ ते ४२ आठवड्यांच्या दरम्यान कधीतरी येतात. म्हणून कॅलेंडरवर एका दिवसाला गोल करू नका, तो सगळा पट्टा रंगवा. घरच्यांनाही तारीख न सांगता पट्टाच सांगा, ‘अजून नाही का?’ विचारणारे फोन आपोआप कमी होतील.

रोज दहा मिनिटं ठरलेल्या वेळी बसा, मोबाइल दुसऱ्या खोलीत. पाठीला टेकू घ्या किंवा डाव्या कुशीवर पडा. या महिन्यांत उताणं पडलं की गर्भाशयाचा भार मोठ्या शिरेवर येऊन गरगरतं. तुमच्या श्रद्धेतलं एखादं नाम किंवा छोटी ओळ घ्या. चार अंक श्वास आत, सहा अंक बाहेर, रोखून धरायचा नाही. मन पळालं की पुन्हा त्या ओळीवर या. दहा वेळा पळालं तरी बैठक फुकट गेली असं समजू नका, परत येणं हाच सराव आहे.

नंतर वहीच्या पानावर मधोमध उभी रेघ मारा. डावीकडे काळजी, उजवीकडे तुमच्या हातातलं पुढचं एकच काम आणि वार. ‘बाळाची वाढ नीट आहे ना?’ याच्यासमोर ‘गुरुवारच्या तपासणीत विचारणे’. ‘अधिकारी फाइल कधी उघडतील?’ याच्यासमोर काहीच सुचणार नाही. तिथे ‘तुझ्या स्वाधीन’ असं लिहा. तीच काळजी दुसऱ्या दिवशी आली तर नव्याने लिहू नका, जुन्या ओळीपुढे टिंब द्या. व्हिसाची स्थिती आठवड्यातून दोनदाच, सकाळी पाहा. रात्री पाहिलं तर हाती काही लागत नाही, झोप मात्र जाते.

आता निर्णयाचं. बहुतेक विमान कंपन्या एकाच बाळाच्या गर्भारपणात ३६ आठवड्यांपर्यंतच नेतात, जुळी असतील तर साधारण ३२, आणि २८ आठवड्यांनंतर अनेकदा डॉक्टरांचं पत्र मागतात. म्हणून ३४ आठवड्यांपर्यंत व्हिसा हातात नसेल तर बाळंतपण आहात तिथेच, हे आजच ठरवून टाका. रोज उठून तोच प्रश्न सोडवत बसणं धीराला पोखरतं. नंतर बाळाचा जन्मदाखला, पासपोर्ट आणि स्वतंत्र व्हिसा लागेल. दाखल्यावर आईवडिलांची नावं पासपोर्टप्रमाणे अक्षरन् अक्षर तशीच हवीत, बहुतेक घोळ तिथेच होतो. इमिग्रेशनच्या तपासणीत छातीचा एक्स-रे असेल तर गर्भवतीला तो बाळंतपणानंतर करण्याची मुभा सहसा मिळते. फाइल तेवढी थांबते, नाकारली जात नाही.

मात्र काही गोष्टींत धीर धरायचाच नाही. बाळाची हालचाल नेहमीपेक्षा कमी वाटली, रक्त गेलं, पाणी गेलं, डोकं जोरात दुखून डोळ्यांपुढे अंधुक झालं, चेहरा एकदम सुजला, तर प्रार्थना वाटेत करा, आधी दवाखान्यात फोन करा. सलग दोन आठवडे रडू येत असेल किंवा कशातच मन लागत नसेल तर तेही डॉक्टरांना सांगा, आणि जीव नकोसा वाटला तर दोन आठवडे मोजत न बसता त्याच दिवशी. तो आजार आहे, श्रद्धेची परीक्षा नाही.

शेवटचं एक काम : रक्तगट, सोनोग्राफीचे रिपोर्ट, लसींची नोंद, औषधांची यादी आणि अर्जाच्या प्रती एकाच फाइलमध्ये लावा. ही फाइल प्रवासात हातातल्या बॅगेत हवी. ती कुठे ठेवली आहे हे घरात आणखी एकाला दाखवून ठेवा, कारण तुम्ही दवाखान्यात असतानाच व्हिसा आला तर ती त्यांनाच शोधावी लागेल.